खिशांतला गवई : त्याची निवड कशी करावी?

ग्रामोफोनच्या काळीं गाणें ऐकणें हा साऱ्या घराचा उद्योग असे. चार माणसें दिवाणखान्यांत जमलीं म्हणजे तबकडी फिरूं लागे. १९७९ सालीं जपानांतील सोनी कंपनीनें ‘वॉकमन’ बाजारांत आणला आणि गाणें माणसाबरोबर रस्त्यानें चालूं लागलें. २००१ सालीं ‘आयपॉड’ आला व सारा संग्रह खिशांत मावूं लागला. २०२२ सालीं त्याचें उत्पादन बंद झालें. आतां बहुतेक मंडळी फोनवरच भागवितात. तथापि केवळ संगीतासाठीं केलेले लहान प्लेअर आजही मिळतात, आणि ज्या घरांत जुन्या मैफलींचा संग्रह आहे तेथें असा एखादा घ्यावा असें मनांत येतें. अशा वेळीं मागणें बहुधा एकच असतें : आवाज ऊबदार हवा आणि प्रशस्त हवा. हे दोन गुण वस्तुतः कोठून येतात, याचा थोडा विचार खरेदीपूर्वीं केल्यास घरचा पैसा योग्य ठिकाणीं खर्च होईल, असें आम्हांस वाटतें.

प्रथम ऊब म्हणजे काय तें पाहूं. काळी एक पट्टींत गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज सेकंदास सुमारें १३९ कंपनांचा असतो. तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यानें, म्हणजे सुमारें ६९ कंपनांनीं बोलते. हा खालचा पट्टा भरून ऐकूं आला म्हणजे आवाज ऊबदार वाटतो. तो उणा पडला कीं तोच गवई कोरडा व किरटा भासतो. परंतु येथें अतिरेकही होतो. खालचा पट्टा अवाजवी फुगविला तर डग्ग्याचा घुमारा गायकाच्या मंद्र स्वरांवर पसरतो. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालीं सुताचा दोरा सारून जी जवारी काढितात, तिचें तेज वरच्या स्वयंभू स्वरांत असतें. तेंही या घुमाऱ्यांत झांकलें जातें. म्हणून आमची कसोटी अशी : खर्ज भरलेला असावा, आणि त्याच वेळीं जवारी निराळी ऐकूं यावी. जेथें दोन्ही गोष्टी साधतात तेथेंच खरी ऊब.

प्रशस्तपणाची गोष्ट वेगळी आहे. उजवीकडून येणारा ध्वनि उजव्या कानास आधीं पोंचतो, डाव्यास किंचित् मागाहून. हें अंतर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतें. परंतु तेवढ्यावरून आणि दोन कानांस ऐकूं येणाऱ्या लहानमोठेपणावरून मन दिशा ओळखतें. हा भेद मुद्रणांत राखण्याची युक्ति अ‍ॅलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्यानें १९३१ सालीं पेटंटासाठीं मांडली. तिलाच आपण ‘स्टिरिओ’ म्हणतों. गौहरजानच्या १९०२ सालच्या तबकड्यांत हा भेद मुळांतच नाहीं. अब्दुल करीम खां १९३७ सालीं वारले. त्यांच्याही तबकड्यांची तीच गोष्ट. कितीही मोलाचा प्लेअर आणिला तरी त्या गायनांत खरी रुंदी येणार नाहीं. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? ज्यांचा संग्रह मुख्यतः जुन्या तबकड्यांचा आहे, त्यांनीं प्रशस्तपणाचा हव्यास सोडून ऊब व स्पष्टपणा यांकडेच लक्ष द्यावें हें बरें.

आतां पैशाचा प्रश्न. प्लेअरचें काम म्हणजे सांठविलेल्या आंकड्यांचा विद्युत्प्रवाह करून तो वाढविणें. हें काम आजचे मध्यम किंमतीचे प्लेअरही इतकें चोख करितात कीं, आवाजाची पातळी समान ठेविल्यास त्यांच्यांतील भेद ओळखणें कठीण जातें. हेडफोनांचें तसें नाहीं. एका जोडींतून दुसरींत गेल्याबरोबर गवयाचा आवाज पालटतो. म्हणून खर्चाचा मोठा वाटा हेडफोनांवर करावा. ज्यांची पाठ उघडी असते ते हेडफोन अधिक प्रशस्त वाटतात. पण त्यांतील आवाज बाहेरही ऐकूं जातो, तेव्हां शेजारीं मूल अभ्यासास बसत असेल तर बंद पाठीचेच घ्यावे. कानांत बसविण्याचे इयरफोन असतील तर त्यांचें रबरी टोंक कानांत घट्ट बसतें कीं नाहीं तें पाहावें. फट राहिली कीं खर्ज निसटतो, आणि लोक प्लेअरला दोष देतात! दुसऱ्या मापाचें टोंक लावलें कीं पुष्कळदां ऊब परत येते.

प्लेअर व हेडफोन यांची सोयरीकही जुळावी लागते. प्लेअरचा बहिर्गामी विद्युत्-रोध हेडफोनच्या रोधाच्या एक-अष्टमांशाहून अधिक नसावा, असा एक व्यवहारी नियम आहे. म्हणजे १६ ओहमच्या इयरफोनास २ ओहम अथवा त्याहून कमी रोधाचा प्लेअर हवा; एरवीं कांहीं इयरफोनांचा मूळ स्वभावच पालटतो. उलट ३०० ओहमचे मोठे हेडफोन लहान प्लेअरला जड जातात, व गाणें दुबळें वाटतें.

जाहिरातींतील मोठमोठ्या आंकड्यांनीं दिपून जाऊं नये. कॉम्पॅक्ट डिस्कवर सेकंदास ४४,१०० नमुने असतात. त्यांतून सुमारें २२,००० कंपनांपर्यंतचा ध्वनि सांठवितां येतो. तरुण कानाची धांव २०,००० च्या आसपास संपते. याहून मोठ्या आंकड्यांनीं ऊब वाढत नाहीं. त्यापेक्षां वडीलधाऱ्या मंडळींस न पाहतां चाचपतां येतील अशीं बटणें आहेत कीं नाहींत, तें पाहणें अधिक शहाणपणाचें.

दुकानांत जातांना आपल्या परिचयाचीं तीन मुद्रणें न्यावींत : नुसता तंबोरा, खर्जांत फिरणारा पुरुषी आवाज, आणि श्रोत्यांची दाद ऐकूं येणारी स्टिरिओ मैफल. दोन यंत्रें ताडून पाहतांना आवाज सारखा ठेवावा; कारण किंचित् मोठें वाजणारें यंत्र कानास नेहमीं सरस वाटतें. दोन मिनिटांत निर्णय करूं नये; अर्धा तास ऐकून कान शिणतात का तें पाहावें. शिवाय वयोमानानें वरचे स्वर ऐकूं येईनासे होतात. नातवास जें तीक्ष्ण वाटतें तें आजोबांस मंद वाटेल. सबब ज्याला वापरावयाचें त्यानेंच ऐकून ठरवावें.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आवाजाच्या बेताची. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेप्रमाणें ८० डेसिबल आवाज आठवड्यास ४० तास चालतो. ९० डेसिबल असल्यास केवळ ४ तास. अतिरेकानें गेलेलें श्रवण बहुधा परत येत नाहीं. मुलांस हें समजावून द्यावें, आणि प्लेअरमध्यें आवाजाची कमाल मर्यादा बांधण्याची सोय असल्यास ती पहिल्याच दिवशीं घरच्या जाणत्यानें बांधून ठेवावी. उरल्या पैशांतून एखादा बरासा स्पीकर घेतां आला तर अवश्य घ्यावा. सायंकाळीं दिवेलागणीनंतर तोच प्लेअर त्यास जोडिला म्हणजे एकट्याच्या कानीं असलेलें गाणें साऱ्या घराला ऐकतां येईल.