बनाना स्प्लिट, अब्बांसकट सगळ्यांसाठी

मे महिन्यात परभणीत दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. पारा ४३-४४ अंशांवर, शाळेला सुट्टी आणि मुले घरात कोंडलेली. गेल्या सुट्टीत आमची धाकटी लेक छत्रपती संभाजीनगरला खालाकडे आठ दिवस राहून आली. आल्या आल्या तिने जाहीर केले, की तिकडे तिने होडीसारख्या काचेच्या भांड्यात केळे, तीन रंगांचे आइस्क्रीम आणि वर लाल चेरी असा एक पदार्थ खाल्ला. त्याचे नाव बनाना स्प्लिट, आणि तो घरी झालाच पाहिजे.

आम्ही लगेच हो म्हटले नाही. कारण होते अब्बा. त्यांना १४ वर्षांपासून मधुमेह आहे. दोन वर्षांपूर्वी रमजान ईदला पाहुण्यांच्या गडबडीत त्यांनी आमच्या नकळत शीरखुर्म्याच्या तीन वाट्या घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. तिथे दोन रात्री काढल्यावर आम्ही घरी येऊन कडक कायदा केला: अब्बांसमोर गोड आणायचेच नाही. अब्बांनी वाद घातला नाही. मात्र तेव्हापासून दस्तरखानावर गोडाची चाहूल लागली की ते उठायचे. म्हणायचे, नमाजला निघतो. एकदा धाकटीने भाबडेपणाने विचारलेच, "दादा, अब्बी अजान कां हुई?" अब्बा काही बोलले नाहीत, टोपी घालून बाहेर पडले. आम्हा मोठ्यांच्या घशाखाली त्या दिवशीची खीर उतरली नाही.

म्हणून या वेळी ठरवले, की बनाना स्प्लिट करायचा तर अब्बांना धरून करायचा. केल्यावर लक्षात आले, की यासाठी याच्याइतका सोयीचा पदार्थ दुसरा नाही. खीर किंवा शिरा एकाच भांड्यात शिजतो, त्यात एकाची साखर कमी करता येत नाही. बनाना स्प्लिट मात्र प्रत्येकाच्या ताटलीत वेगळा रचला जातो.

औषधाच्या दुकानात जन्मलेला पदार्थ

या पदार्थाची गोष्ट मोठी गमतीची आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात लॅट्रोब नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या औषधाच्या दुकानात काम शिकणाऱ्या डेव्हिड स्ट्रिकलर या २३ वर्षांच्या तरुणाने १९०४ मध्ये केळे उभे चिरून त्यावर आइस्क्रीम ठेवून विकायला सुरुवात केली, असे मानतात. किंमत १० सेंट. ओहायो राज्यातले विल्मिंग्टन गाव मात्र हा मान आपल्याकडे घेते. तिथे अर्नेस्ट हॅझर्ड या हॉटेलवाल्याने १९०७ मध्ये हा पदार्थ काढला, असे तिथले लोक सांगतात. औषधाच्या दुकानात आइस्क्रीम कसे, असा प्रश्न पडेल. त्या काळी तिकडच्या औषधांच्या दुकानांत सोडा आणि सरबते मिळायची. त्यांच्या जोडीने आइस्क्रीमही आले.

आपल्याला हे नवे वाटायला नको. रमजानमध्ये घराघरांत दिसणाऱ्या रूह अफ्जाचे मूळही दवाखान्यातच आहे. हकीम हाफिज अब्दुल मजीद यांनी १९०६ मध्ये दिल्लीत हमदर्द दवाखाना काढला आणि पुढच्याच वर्षी उन्हाळ्यावर उतारा म्हणून हे सरबत तयार केले. म्हणजे हे दोन पदार्थ जवळपास एकाच वयाचे. आमच्या बनाना स्प्लिटमध्ये ते एकत्र आले आहेत, ते कसे हे पुढे येईलच.

केळे आपल्या दाराशी

अमेरिकेत केळे जहाजातून यायचे. आपल्याकडे ते शेजारून येते. नांदेड जिल्ह्यातल्या अर्धापूरची केळी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. वसमतही केळीचे गाव. आज वसमत हिंगोली जिल्ह्यात असले, तरी १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा होईपर्यंत ते आपल्या परभणी जिल्ह्यातच होते. येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांच्या पाण्यावर तिकडचा मळा उभा राहिला. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाचे केळी संशोधन केंद्र नांदेडला आहे.

या पदार्थासाठी केळे पूर्ण पिवळे पण घट्ट हवे. सालीवर काळे ठिपके दाटले असतील, तर ते आइस्क्रीमखाली चिखल होते. असे केळे शिकरणाला ठेवा. कच्ची केळी आणली असतील, तर कागदात गुंडाळून पिकलेल्या फळांशेजारी ठेवा, दोन दिवसांत पिकतात. कच्ची फ्रिजमध्ये ठेवू नका, साल काळी पडते आणि गर नीट पिकत नाही.

आइस्क्रीम: सहा जणांसाठी

विकतचे घ्यायचे असेल, तर डब्यावरची बारीक अक्षरे वाचा. 'आइस्क्रीम' लिहिलेल्यात दुधाची स्निग्धता असते, आपल्या अन्न नियमांनुसार साध्या आइस्क्रीममध्ये किमान १० टक्के. 'फ्रोजन डेझर्ट' लिहिले असेल, तर त्यात वनस्पती तेल असते. जेली, मार्शमॅलो आणि काही रंगीत गोळ्यांत जिलेटिन असते, ते जनावरांपासून होते. कोणत्या जनावराचे, हे पाकिटावर बहुधा नसते. हलाल प्रमाणपत्र नसेल, तर हिरव्या खुणेचे पाकीट घ्या. व्हॅनिला इसेन्समध्ये अल्कोहोल असू शकते. शंका नको असेल, तर सरळ वेलची घाला. आम्ही वेलचीच घालतो.

साहित्य: म्हशीचे दूध अर्धा लिटर, साखर अर्धी वाटी, कॉर्नफ्लोअर १ मोठा चमचा, जीएमएस पावडर १ मोठा चमचा, सीएमसी पावडर पाव छोटा चमचा, दूध पावडर २ मोठे चमचे, घरची ताजी साय पाऊण वाटी, वेलची पूड. जीएमएस आणि सीएमसी केकचे सामान विकणाऱ्या दुकानात मिळतात. पहिल्यामुळे दुधातली स्निग्धता आणि पाणी एकजीव होते आणि घोटताना हवा धरून राहते. दुसरी पाणी धरून ठेवते, त्यामुळे बर्फाचे खडे होत नाहीत.

कृती: वाटीभर थंड दुधात चारही पावडरी गुठळी न ठेवता कालवा. उरलेले दूध साखर घालून उकळा. त्यात हे मिश्रण ओतून मंद आचेवर ४-५ मिनिटे सतत हलवत शिजवा. पूर्ण गार करून झाकणाच्या डब्यात फ्रीझरमध्ये ५-६ तास ठेवा. घट्ट झाल्यावर सुरीने तुकडे करा, गार साय आणि वेलची घाला आणि बीटरने मिश्रण दुप्पट फुगेपर्यंत घोटा. ही दुसरी घोटणी टाळू नका, आइस्क्रीमचा मऊपणा तिच्यात आहे.

आता तीन भाग करा. एक तसाच ठेवा. दुसऱ्यात चाळलेला कोको १ मोठा चमचा. तिसऱ्यात स्ट्रॉबेरी. महाबळेश्वरची ताजी स्ट्रॉबेरी आपल्याकडे हिवाळ्यात दिसते, मे महिन्यात नाही. म्हणून आम्ही केशर आंब्याचा अर्धी वाटी रस घातला. पुन्हा ८ तास फ्रीझरमध्ये. एक सांभाळा: वीज गेली की फ्रीझरचे दार उघडू नका आणि डब्यावर जाड टॉवेल टाका. वितळून पुन्हा गोठलेले आइस्क्रीम खरखरीत होते आणि फार वेळ वितळून राहिलेले खाण्यासारखे राहत नाही.

तीन सॉस

चॉकलेट: ३ चमचे कोको, ४ चमचे साखर, अर्धी वाटी दूध आणि चमचाभर लोणी, ५ मिनिटे शिजवा.

अननस: बारीक चिरलेला अननस १ वाटी, पाव वाटी साखर, १० मिनिटे शिजवा. अननस कच्चा घालू नका. त्यात दुधातली प्रथिने तोडणारे एक द्रव्य असते, त्याने दुधाचा पदार्थ कडवट होतो. शिजवल्यावर त्याचा जोर जातो.

तिसरा लाल सॉस मूळ पदार्थात स्ट्रॉबेरीचा असतो. आमच्या कपाटात रमजानची अर्धी उरलेली रूह अफ्जाची बाटली होती. पाव वाटी सरबत, तेवढेच पाणी, अर्धा चमचा कॉर्नफ्लोअर, दोन मिनिटे शिजवले. गुलाबाच्या वासाचा हा सॉस साध्या आइस्क्रीमवर असा शोभला, की आता स्ट्रॉबेरी मिळाली तरी आम्ही हाच करू.

रचना

ताटल्या आधी फ्रीझरमध्ये गार करा. होडीसारखे भांडे नसले तरी अडत नाही, आम्ही मासे वाढायच्या लांबट बशा घेतल्या. केळे अगदी शेवटी सोला, उभे दोन भाग करा, लिंबाचा हात फिरवा म्हणजे काळे पडणार नाही. दोन भाग दोन कडांना, मध्ये तीन गोळे. साध्यावर रूह अफ्जा, चॉकलेटवर चॉकलेट, आंब्यावर अननस. वर फेटलेली गार साय, भाजलेल्या शेंगदाण्याचा भरड कूट किंवा काजू-बदाम आणि चेरी. बाजारात पाकातली लाल 'चेरी' म्हणून मिळते ती पुष्कळदा करवंदच असते. खायला हरकत नाही, लाल रंग मात्र बेताने.

मोठ्या मुलाने वर चिक्कीचा चुरा टाकला. अम्मींना थंडीने दात शिवशिवतात, म्हणून त्यांचे केळे तुपावर जरा परतले आणि आइस्क्रीमचा एकच गोळा दिला. ज्याला जे आवडते, ते त्याच्या ताटलीत.

अब्बांची ताटली

आधी आम्ही अब्बांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी केळ्यावर सरसकट बंदी घातली नाही, हिशेब सांगितला. मध्यम केळ्यात साधारण २७ ग्रॅम कर्बोदके असतात. अर्धे लहान केळे चालेल, पण त्या जेवणात भात घ्यायचा नाही, आणि दोन तासांनी शुगर मोजायची. केळे जसे पिकते तसे त्यातल्या पिठाची साखर होते, म्हणून अब्बांसाठी देठाशी हिरवट असलेले केळे निवडले. आइस्क्रीमच्या जागी रात्रभर टांगून काढलेला चक्का, साखर न घालता वेलची टाकून, फ्रीझरमध्ये तासभर गार केलेला. त्याचे चमच्याने तीन छोटे गोळे केले. एकावर साखरेशिवाय दुधात शिजवलेला कोको, एकावर जांभळाचा गर, एकावर डाळिंबाचे दाणे. वर बदामाचे काप. सॉस नाही, चेरी नाही.

हे आमच्या अब्बांचे प्रमाण आहे. प्रत्येकाची औषधे आणि शुगर वेगळी. इन्सुलिन घेणाऱ्यांनी किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. 'शुगर फ्री' लिहिलेले विकतचे आइस्क्रीमही पोटभर खाण्याची परवानगी नव्हे, त्यातही दूध आणि स्निग्धता असतेच.

बशा आल्या तशी अब्बांनी सवयीने टोपीकडे हात नेला. धाकटीने त्यांची बशी पुढे ठेवली आणि म्हणाली, "दादा, ये तुम्हारी." त्यांनी आधी आमच्याकडे पाहिले. आम्ही हिशेब सांगितला: भात आज बंद, अर्धे केळे, साखर शून्य. ते हसले. एकेक गोळा त्यांनी सावकाश संपवला आणि जांभळाचा सगळ्यांत चांगला, असा निकाल दिला. दोन तासांनी शुगर मोजली, ती डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेत होती. तो आकडा त्यांनी स्वतः वहीत लिहिला.

दोन वर्षे आम्ही त्यांना जपत होतो आणि जपता जपता दस्तरखानावरून उठवत होतो, हे आम्हाला त्या दिवशी कळले. आता महिन्यातून एकदा ही ताटली होते. चोरून खाणे थांबले आहे, कारण चोरायचे काही उरलेच नाही.

त्या दुपारी असरची अजान झाली तेव्हा अब्बा आमच्यातच बसले होते. मग उठले, हात धुतले, टोपी घातली आणि मशिदीकडे निघाले.