घराचा पाया आणि शेजाऱ्याची मेर

घर बांधणे हे कुटुंबाच्या आयुष्यातील लग्नकार्याइतकेच मोठे कार्य होय. कुणी आखातात वर्षानुवर्षे राबून, कुणी खाणीवर ट्रक चालवून, तर कुणी कुळागरातील सुपारी विकून पैसा जोडतो, तेव्हा कुठे चिऱ्यांची पहिली गाडी दारात उभी राहते. परंतु पायाची दोरी ताणली जाते न जाते तोच शेजारी पुढे येऊन म्हणतो, ‘ही जागा आमची.’ काम थांबते, सिमेंट पोत्यातच गोठते आणि दोन्ही घरांतील बोलणे बंद होते. शिरगाव व डिचोलीच्या परिसरातून अशा तक्रारी आमच्या कानी वारंवार येतात, म्हणून ह्या विषयावर चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ह्या तंट्यांचे मूळ बहुधा कुणाच्या लबाडीत नसून कागदांत असते. पोर्तुगीज अमदानीत जमिनीची नोंद वर्णनाने होत असे. पूर्वेस ओहोळ, पश्चिमेस अमक्याचे भाट, उत्तरेस वाट, अशा चतुःसीमा दस्तऐवजात लिहिल्या जात. गोवा १९६१ साली मुक्त झाल्यावर १९६८ ची जमीन महसूल संहिता आली आणि तिच्या आधारे गावोगाव मोजणी होऊन प्रत्येक तुकड्यास सर्व्हे नंबर व उपविभाग मिळाले. आपण आज ज्यास एक-चौदाचा उतारा म्हणतो, तो ह्याच मोजणीचे फळ आहे. जुने वर्णन आणि नवा नकाशा ह्यांचा मेळ ज्या ज्या ठिकाणी बसला नाही, त्या त्या ठिकाणी आजच्या तंट्याचे बीज पडले.

चुका अनेक प्रकारच्या असतात. मोजणीच्या वेळी मालक मुंबईस वा परदेशी असल्याने कब्जेदाराच्या रकान्यात भलत्याचेच नाव लागते. तीन भावांपैकी एकाचेच नाव चढते. जुने घर नकाशावर दाखविलेलेच नसते. काही ठिकाणी जागेवरचा गडगा एकीकडे आणि नकाशावरील रेघ दुसरीकडे असते. एकास हजार ह्या प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर एक मीटर. रेघ अर्धा मिलिमीटर जरी सरकली, तरी ३० मीटर लांबीच्या बाजूवर १५ चौरस मीटर जागा इकडची तिकडे होते. एवढ्या जागेत एक प्रशस्त खोली होते. शिवाय हद्दीपासून सोडावयाचे अंतर कमी भरल्यामुळे बांधकामाचा परवाना अडतो, तो वेगळाच.

आमच्या भागात आणखी दोन अडचणी आहेत. शिरगावात लोहखनिजासाठी डोंगर खणले गेले, माती एका जागेची दुसरीकडे टाकली गेली. ओहोळ, पायवाट, वडाचे झाड ह्या जुन्या खुणाच अशा ठिकाणी उरल्या नाहीत, मग चतुःसीमा ताडून पाहावयाची कशावरून? गोव्यातील खाणी २०१२ साली थांबल्या. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये डिचोली तालुक्यातील खाणपट्ट्यांचा लिलाव झाला, तेव्हा आपली घरे, देवळे व शेते पट्ट्याच्या हद्दीतून वगळावीत, अशी मागणी गावकऱ्यांस करावी लागली. नकाशावरील एका रेघेवर सबंध वाड्याचे स्वास्थ्य अवलंबून असते, हे ह्यावरून ध्यानी यावे. शेजारच्या मये गावी तर ज्या भूमीवर पिढ्यान्‌पिढ्या चुली पेटल्या, ती काउंटाच्या मालकीची म्हणून नोंदलेली होती. १९६१ नंतर ती निर्वासितांची मालमत्ता ठरली आणि तिच्यासंबंधीचा कायदा व्हावयास २०१४ साल उजाडले.

आमच्या पाहण्यात आलेले एक उदाहरण सांगतो. एका कुटुंबाने नकाशाप्रमाणे पाया आखला. शेजारी गडग्यावर बोट ठेवून म्हणाला, ‘हा माझ्या आजोबांनी घातला आहे.’ दोघेही खरे बोलत होते. वर्षभर काम बंद पडले आणि एकाच मिस्साला येणारी ती दोन कुटुंबे देवळात दोन टोकांस बसू लागली. अखेर घरातील म्हाताऱ्या आईने पेटीच्या तळातून पोर्तुगीज भाषेतील विक्रीपत्र काढले. जाणत्या वकिलाकडून ते वाचून घेतले, तेव्हा त्यात गडगा हीच हद्द म्हणून लिहिलेली आढळली. घरमालकाने पायाची दोरी मागे घेतली, दोघांनी मिळून नकाशाच्या दुरुस्तीसाठी अर्ज केला आणि शेजाऱ्याने आपल्या विहिरीचे पाणी बांधकामास दिले.

म्हणून आमचे सांगणे असे की, पायाला कुदळ लावण्यापूर्वी पुढील गोष्टी कराव्यात. प्रथम एक-चौदाचा उतारा व प्रमाणित नकाशा काढावा. उतारा आता संगणकावरही पाहता येतो. नंतर तो जुन्या दस्तऐवजाशी ताडून पाहावा. तिसरे असे की, भूमापन निरीक्षकाकडे रीतसर अर्ज करून, शेजाऱ्यांस नोटीस जाऊन, त्यांच्या समक्ष हद्दीचे दगड बसवून घ्यावेत. खाजगी मोजणीदाराची मोजणी घर आखण्यास उपयोगी पडते, पण तंटा मिटविण्यास ती पुरत नाही. लेखनप्रमाद असल्यास, अथवा संबंधितांस चूक मान्य असल्यास, संहितेच्या १०३ व्या कलमान्वये दुरुस्ती होऊ शकते. चूक मान्य नसल्यास वाट दिवाणी न्यायालयाची. १०५ व्या कलमाप्रमाणे नोंद खोटी ठरेपर्यंत ती खरी मानली जाते, म्हणून ‘पुढे बघू’ म्हणून स्वस्थ बसू नये. त्याचबरोबर उताऱ्यावरील नाव म्हणजे मालकी नव्हे, हेही विसरू नये. मुंडकारांनी १९७५ च्या कायद्याखाली आपली नोंद झाली आहे की नाही, ते पाहावे.

आणखी एक गोष्ट. लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल, तर आपल्याकडील दिवाणी कायद्याने पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते आणि वारशात मुलीही मुलग्यांच्या बरोबरीने येतात. तेव्हा परदेशी असलेल्या भावाची, सासरी गेलेल्या बहिणीची संमती आधी घ्यावी. मालक दूर असलेल्या जमिनी खोट्या जुन्या कागदांनी बळकावण्याचे प्रकार इतके वाढले की, २०२२ साली सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले. दूरदेशी असलेल्यांनी वर्षातून एकदा तरी आपला उतारा तपासावा.

कायदा हद्द ठरवितो, मन जुळवीत नाही. शेजाऱ्याची मेर सरकविणाऱ्यास अनुवादाच्या २७ व्या अध्यायात शाप आहे, आणि नाबोथाच्या द्राक्षमळ्याचा लोभ धरणाऱ्या अहाब राजाची गत आपणांस ठाऊकच आहे. वाटणीचा तंटा घेऊन आलेल्या माणसास प्रभूने निवाडा दिला नाही. त्याने लोभापासून सावध राहण्यास बजावले. आम्हीही जमिनीचे न्यायाधीश नव्हे. परंतु घरावर आशीर्वाद मागण्यास येणाऱ्या प्रत्येक कुटुंबास आमची विनंती आहे की, पाया खणण्याच्या आदल्या दिवशी शेजाऱ्यास बोलावून दोरीचे एक टोक त्याच्या हाती द्यावे. उद्या रात्री-अपरात्री घरात कुणी आजारी पडले, तर पहिली हाक आपण त्यालाच मारणार आहोत.