भाड्याचा सर्व्हर, जबाबदारी आपली

दिवा जंक्शनहून पारसिकच्या डोंगरापलीकडे ऐरोली, रबाळे, महापे या औद्योगिक पट्ट्यात मोठी डेटा सेंटर उभी राहिली आहेत. तेथील एकाच बलाढ्य संगणकाचे सॉफ्टवेअरच्या साहाय्याने अनेक स्वतंत्र भाग पाडून ते मासिक भाड्याने देता येतात. यालाच आभासी खाजगी सर्व्हर म्हणतात. चाळीचे छप्पर मालकाचे, पण खोलीचे कुलूप भाडेकरूचे, असाच हा व्यवहार होय. दिव्यातील एखाद्या शाळेस वा वाचनालयास आपले संकेतस्थळ अशा सर्व्हरवर ठेवता येईल. शासकीय कार्यालयांनी व पंचायतींनी मात्र विहित कार्यपद्धतीच अनुसरावी.

पहिल्या दिवसाची कामे

या सर्व्हरवर बहुधा लिनक्स प्रणाली असते. फिनलंडमधील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये तिचा पाया घातला. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती घेतल्यास पाच वर्षे सुरक्षा-सुधारणा मिळतात. प्रथम त्या सुधारणा बसवाव्यात. ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्यातून दैनंदिन काम न करता स्वतंत्र खाते उघडावे. प्रवेशासाठी पासवर्डऐवजी चावी-जोडी वापरावी. तीतील खाजगी चावी आपल्या संगणकावर व सार्वजनिक चावी सर्व्हरवर राहते. चावीने प्रवेश मिळतो याची खात्री झाल्यावरच पासवर्डचा मार्ग बंद करावा. फायरवॉलमध्ये दूरस्थ प्रवेशाचे २२ आणि संकेतस्थळाचे ८० व ४४३ एवढेच पोर्ट उघडे ठेवावेत. २२ ला परवानगी देण्यापूर्वी फायरवॉल सुरू केल्यास आपणच बाहेर राहतो.

खरी कसोटी

ही उभारणी एका दुपारचे काम आहे. देखभालीस मात्र खंड नाही. दर आठवड्यास सुधारणा, प्रवेशाच्या नोंदी व डिस्कवरील शिल्लक जागा पाहावी. माहितीची प्रत अन्यत्र ठेवावी आणि तीवरून माहिती पुन्हा उभी राहते का, हे अधूनमधून करून पाहावे. न तपासलेल्या प्रतीवर विसंबणे धोक्याचे आहे. ‘सर्ट-इन’च्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्या व शासकीय संस्थांनी संगणकीय नोंदी १८० दिवस जतन करावयाच्या असून निर्दिष्ट सायबर घटना सहा तासांत कळवावयाच्या आहेत.

सर्वांत मोठा धोका घरचाच असतो. जाणकार शिक्षकाची बदली होते आणि चावी त्यांच्याबरोबर जाते. म्हणून किमान दोघांची स्वतंत्र खाती असावीत, भाड्याची मुदत नोंदवहीत लिहावी आणि कार्यभार सोपविताना जुने खाते बंद करावे. दप्तराच्या कपाटाची किल्ली आपण सही घेऊन सोपवितो. या न दिसणाऱ्या कपाटालाही तोच नियम लागू करणे अगत्याचे आहे.