तपासणी कशासाठी, हे आधी ठरवा

मूल होत नाही म्हणून डॉक्टरांकडे गेलेल्या अनेक जोडप्यांच्या हातात सुरुवातीलाच तपासण्यांची लांबलचक यादी पडते. रक्ताच्या चाचण्या, बीजवाहक नळ्यांचा एक्स-रे, पोटातून आणि गर्भाशयातून दुर्बीण, पिशवीच्या अस्तराचा तुकडा. यादी जितकी मोठी तितका इलाज पक्का, असा समज घरच्यांचा असतो, आणि पुष्कळदा रुग्णाचाही. तो चुकीचा आहे. तपासणीने गर्भ राहत नाही. पुढे काय करायचे हे ठरवायला तिची मदत होते, एवढेच. म्हणून प्रत्येक तपासणी एकाच कसोटीवर घासून पाहावी: निकाल एक आला तर एक उपचार आणि दुसरा आला तर दुसरा, असे होणार आहे का? निकाल कोणताही आला तरी उपचार तोच राहणार असेल, तर त्या तपासणीतून हाती येते ती वेदना, खर्च आणि वाया गेलेला वेळ. या विषयातले बहुतेक गैरसमज ही कसोटी विसरल्यामुळे टिकून आहेत.

पहिला गैरसमज वेळेचा. लग्नाला सहा महिने होत नाहीत तोच ‘एकदा दाखवून घ्या’ हा आग्रह सुरू होतो. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या अंदाजानुसार, स्त्रीचे वय चाळिशीच्या आत असेल आणि नियमित संबंध असतील, तर 80 टक्क्यांहून अधिक जोडप्यांना वर्षभरात दिवस जातात. उरलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना दुसऱ्या वर्षात. म्हणूनच वंध्यत्वाची व्याख्या बारा महिन्यांची आहे आणि भारताच्या 2021च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यातही एका वर्षाचीच मुदत धरली आहे. मात्र हा नियम सरसकट लावायचा नाही. स्त्रीचे वय 35 च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनंतर थांबू नये, आणि चाळिशी उलटली असेल तर लगेच सल्ला घ्यावा. पाळी अनियमित असेल, पाळीत असह्य दुखत असेल, पोटाचे मोठे ऑपरेशन किंवा क्षयरोग होऊन गेला असेल, किंवा पुरुषाच्या वृषणांचा काही आजार असेल, तर वर्ष मोजत बसण्यात अर्थ नाही.

दुसरा गैरसमज अधिक खोलवर रुजलेला आहे: आधी बाईची सगळी तपासणी, पुरुषाची जमलीच तर नंतर. साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचे कारण एकटे किंवा स्त्रीच्या कारणासोबत आढळते. वीर्यतपासणीला भूल लागत नाही, टाका पडत नाही, खर्चही तुलनेने किरकोळ. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा, एवढीच तयारी. आता वरची कसोटी लावून पाहा. शुक्रजंतूंचे प्रमाण अगदीच कमी निघाले, तर उपचार बहुधा ‘इक्सी’कडे, म्हणजे प्रयोगशाळेत प्रत्येक बीजांडात एकेक शुक्रजंतू सोडण्याकडे वळतो. मग नळ्या उघड्या आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी केलेला सारा खटाटोप निरर्थक ठरतो. म्हणजे स्वस्त तपासणी मागे ठेवल्याची किंमत स्त्रीच्या शरीराने मोजायची. अहवाल वाचतानाही जपावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021च्या पुस्तिकेत एका मिलिलिटरमागे 1 कोटी 60 लाख शुक्रजंतू ही खालची संदर्भपातळी दिली आहे. ज्यांच्या पत्नीला वर्षाच्या आत दिवस गेले अशा पुरुषांपैकीही पाच टक्के तिच्या खाली होते. त्यामुळे एका कमी आकड्यावरून शिक्का मारू नये. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच ते तीन महिने लागतात. मधल्या काळातला कडक तापही आकडा खाली आणतो. म्हणून तपासणी पुन्हा करावी.

‘नळ्या तपासल्याशिवाय पुढे जाताच येत नाही’ हे अर्धसत्य आहे. गर्भधारणा नैसर्गिकरीत्या किंवा आययूआयने, म्हणजे शुक्रजंतू नळीने गर्भाशयात सोडून, होण्यासाठी निदान एक नळी मोकळी असायला हवी. तिथे नळ्यांचा एक्स-रे, म्हणजे एचएसजी, निर्णय बदलतो आणि म्हणून तो गरजेचा. पण आयव्हीएफमध्ये बीजांड थेट बीजकोषातून काढतात, प्रयोगशाळेत फलित करतात आणि गर्भ थेट पिशवीत सोडतात. 1978मध्ये जगातले पहिले टेस्ट ट्यूब बाळ जन्मले, त्याच्या आईच्या नळ्या बंदच होत्या. दुसऱ्या कारणाने आयव्हीएफ ठरलेच असेल, तर नळ्यांसाठी वेगळी दुर्बीण कशाला? याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. पाणी साचून फुगलेली नळी आयव्हीएफचे यश लक्षणीय घटवते आणि ती आधी काढली किंवा बांधली तर यश वाढते. अशी नळी अनेकदा सोनोग्राफीतच दिसते. शंका आली तर पुढची तपासणी जरूर करावी. शिवाय एचएसजीत पिशवीजवळच्या टोकाला ‘बंद’ दिसलेली नळी कधीकधी केवळ आखडलेली असते. त्या एका फिल्मवर आयव्हीएफचा निर्णय घेणे घाईचे आहे.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: ‘आयव्हीएफला एवढा पैसा लागतो, तर आधी दुर्बिणीने पिशवी आतून पाहून घेतली तर बिघडले कुठे?’ आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर तर्काने न देता प्रयोगाने दिले गेले आहे. 2016मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन अभ्यास छापून आले. नेदरलँड्समध्ये सोनोग्राफी निर्दोष असलेल्या 750 स्त्रियांचे चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट पाडले; पहिल्या आयव्हीएफआधी एका गटाची हिस्टरोस्कोपी, म्हणजे गर्भाशयातून दुर्बीण, केली, दुसऱ्याची नाही. दीड वर्षात मूल झालेल्यांचे प्रमाण 57 आणि 54 टक्के; हा फरक योगायोगाच्या मर्यादेतला. दुसऱ्या अभ्यासात आयव्हीएफ दोन ते चार वेळा फसलेल्या 702 स्त्रिया होत्या. दोन्ही गटांत प्रमाण 29 टक्केच. सोनोग्राफीत मस्सा, पोकळीत आलेली गाठ, पडदा किंवा चिकटलेले अस्तर दिसले, तर हिस्टरोस्कोपी हा उपचारच आहे आणि ती करावी. काहीच दिसले नसताना ‘पाहून घेऊ’ म्हणून करण्याला मात्र पुराव्याचा आधार नाही. ‘पिशवी साफ केली की गर्भ राहतो’ हा समज तर घातकच. जोराने खरवडल्यास अस्तर चिकटून नवे वंध्यत्व उभे राहू शकते.

पोटातून दुर्बिणीची, म्हणजे लॅप्रोस्कोपीची, बाजूही ऐकायला हवी. सौम्य एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशींचे पोटात इतरत्र पडलेले डाग, सोनोग्राफीत दिसत नाही, आणि 1997मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील अभ्यासात असे डाग दुर्बिणीतून जाळल्यावर 36 आठवड्यांत गर्भधारणेचे प्रमाण सुमारे 18 टक्क्यांवरून 31 टक्क्यांवर गेले. मग सर्वांचीच लॅप्रोस्कोपी का करू नये? कारण हा फायदा ज्यांना हा आजार निघाला त्यांच्यातला आहे. लक्षणे नसलेल्या अनेकींना भूल देऊन पोटाला छिद्रे पाडल्यावरच त्यातली एखादी सापडणार. तीव्र पाळीदुखी, संबंधांच्या वेळी वेदना किंवा पूर्वीचा पोटातला संसर्ग असेल, तर पारडे लॅप्रोस्कोपीकडे झुकते. वय वाढलेले असेल किंवा आयव्हीएफ ठरलेले असेल, तर ते उलट फिरते. शिवाय बीजकोषावरील गाठ काढताना निरोगी बीजांडेही कमी होऊ शकतात, हे ऑपरेशनपूर्वी सांगितले गेलेच पाहिजे.

‘हे परदेशातले आकडे, आपल्याकडे क्षयरोग आहे’ हा आक्षेप सर्वात वजनदार. भारतात जननमार्गाचा क्षयरोग नळ्या खराब होण्याचे मोठे कारण आहे. तो बहुधा फुप्फुसातून रक्तावाटे येतो आणि कित्येकदा लक्षणांशिवाय राहतो. त्यामुळे पाळी खूप कमी झालेली असेल, घरात क्षयरोग झालेला असेल, नळ्यांचे चित्र विचित्र असेल, तर अस्तराचा नमुना घेणे योग्यच. तोही बहुतेकदा बारीक नळीने, भूल न देता घेता येतो. पण पिशवीच्या नमुन्यातला एकटा पीसीआर (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) अहवाल पॉझिटिव्ह आला आणि दुसरा कोणताही पुरावा नाही, एवढ्यावर किमान सहा महिन्यांची, यकृतावर ताण टाकणारी औषधे सुरू करणे योग्य नाही. क्षयरोगाची धास्ती हे इतिहास बारकाईने विचारण्याचे कारण आहे, सरसकट दुर्बिणीचे नव्हे.

काही चाचण्या निरुपद्रवी दिसतात, पण भीती विकतात. बीजांडांच्या साठ्याचा अंदाज देणारा एएमएच कमी आला की ‘आता मूल होणार नाही’ असे समजले जाते. आयव्हीएफच्या इंजेक्शनांना बीजकोष कितपत साथ देतील याचा अंदाज ही चाचणी देते. नैसर्गिक गर्भधारणेचे भाकीत करत नाही. 2017मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या 30 ते 44 वयाच्या 750 स्त्रियांत एएमएच कमी असणाऱ्यांनाही इतरांइतक्याच प्रमाणात दिवस गेले. गर्भ सोडण्याचा ‘नेमका दिवस’ सांगणारी ईआरए चाचणीही 2022च्या अभ्यासात उपयोगी ठरली नाही: तिच्यानुसार वेळ ठरवलेल्या गटात मूल झाले 58.5 टक्क्यांना, न ठरवलेल्या गटात 61.9 टक्क्यांना.

याचा अर्थ तपासण्या टाळून थेट आयव्हीएफ करावे, असा मुळीच नाही. तो उलट दिशेचा गैरसमज. दोघांची नीट विचारपूस, वीर्यतपासणी, बीजांड फुटते की नाही याची खात्री, थायरॉईडची चाचणी, चांगली सोनोग्राफी आणि गरजेप्रमाणे एचएसजी, एवढ्या पायावर बहुतेकांचा पुढचा रस्ता ठरतो. दुर्बीण सुचवली गेली, तर कोणती शंका तपासायची आहे आणि निकालानंतर उपचारात काय बदलेल, हे डॉक्टरांना विचारा आणि कागदावर लिहून मागा. हा अविश्वास नव्हे, तो तुमचा हक्क आहे. चांगले डॉक्टर त्याचे उत्तर आनंदाने देतील. आणि पतीचा वीर्यतपासणीचा अहवाल हाती नसताना पत्नीच्या कोणत्याही दुर्बिणीला संमती देऊ नका.