ॲम्बॅसडरच्या पोटात इसुझू

हिंदुस्थान मोटर्सने १९८४ मध्ये कॉन्टेसा आणली, तेव्हा तिच्याकडे माना वळल्या. ब्रिटनमधल्या व्हॉक्सहॉलच्या मोटारीवर बेतलेला तो लांबरुंद देह फियाट-ॲम्बॅसडरच्या गर्दीत साहेबी वाटायचा. बॉनेट उघडलं की मात्र भ्रमनिरास. आत ॲम्बॅसडरचंच १४८९ सीसीचं इंजिन! पन्नासेक अश्वशक्तीत एवढं धूड ओढायचं, म्हणजे घाटात मागच्या ट्रकनेही हॉर्न द्यावा अशी गत. काही वर्षांतच कंपनीने जपानच्या इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन आणि त्याच्या जोडीचा पाच गिअरचा बॉक्स कॉन्टेसात घातला, तेव्हा कुठे गाडीला तिच्या रूपाला शोभणारा जोर आला. पुढे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हाच उपाय खुद्द ॲम्बॅसडरवर झाला. १९५७ पासून जवळजवळ त्याच चेहऱ्याने निघणाऱ्या, मॉरिस ऑक्सफर्डच्या वंशातल्या या गाडीत इसुझू बसलं आणि ५५च्या जागी ७५ अश्वशक्ती आली.

जुन्या घरगुती गाडीत मोठं इंजिन बसवायची हौस गॅरेजवाल्यांची, असं आपण समजतो. इथे ती कारखान्यानेच केली. म्हणूनच हौशी माणसाने ॲम्बॅसडरची ही गोष्ट नीट बघावी. इंजिन बदललं एवढंच तिथे घडलं नाही. गिअरबॉक्स बदलला, गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळून खाली फरशीवर आला, पुढची सलग बैठक जाऊन दोन सुट्या खुर्च्या आल्या. नंतरच्या गाड्यांत पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकही मिळू लागले. मोठं इंजिन मिळवणं हे या कामातलं सगळ्यात सोपं काम. ते सोसायला बाकीची गाडी तयार करणं, हे खरं काम.

दोन्ही इंजिनांचा स्वभावच वेगळा. जुनं होतं ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं, म्हणजे बीएमसीचं (मुंबईकरांनी गैरसमज करून घेऊ नये). त्याचा बोअर ७३ मिलिमीटर आणि स्ट्रोक ८९ मिलिमीटर. सिलिंडर अरुंद, पिस्टनची धाव लांब. असं इंजिन कमी फेऱ्यांवर शांतपणे ओढतं, पण पळायला सांगितलं की कुरकुरतं. हेच १४८९ सीसीचं इंजिन दोन कार्ब्युरेटर लावून इंग्लंडमध्ये एमजीए या स्पोर्ट्स गाडीत बसत होतं, हे ॲम्बॅसडरच्या मागच्या सीटवर डुलक्या काढणाऱ्यांना सांगूनही पटलं नसतं. इसुझूचा बोअर ८४ आणि स्ट्रोक ८२. बोअर मोठा, धाव आखूड, शिवाय कॅमशाफ्ट हेडमध्येच. बीएमसीच्या इंजिनात कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये आणि व्हॉल्व्ह उघडायला लांब पुशरॉड. त्यामुळे इसुझू मोकळेपणाने फिरायचं, वरच्या फेऱ्यांवरही दमायचं नाही. ज्यांनी आयुष्यभर जुनी ॲम्बॅसडर हाकली, त्यांना हा फरक पहिल्या ओव्हरटेकलाच कळायचा.

कारखान्याने वाट दाखवल्यावर जुन्या ॲम्बॅसडरमध्ये नंतरचं इसुझू घालणारे मिस्त्री ठिकठिकाणी निघाले. इंजिन घेताना अनुभवी माणूस गिअरबॉक्सही त्याच गाडीचा घेतो. इंजिन एका कंपनीचं आणि गिअरबॉक्स दुसरीचा असेल, तर दोघांचे बोल्ट जुळत नाहीत. मध्ये लोखंडी प्लेट बनवून घ्यावी लागते, आणि ती केसभर जरी वाकडी बसली तरी क्लच आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग लवकर जातं. जोडी एकत्र घेतली की हा प्रश्न मिटतो, पण दुसरा उभा राहतो. नव्या जोडीची लांबी वेगळी, म्हणून मागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट लांब किंवा आखूड करावा लागतो. शाफ्ट कापून वेल्डिंग करणं कुठल्याही लेथवाल्याला जमतं. त्यानंतर तो मशीनवर बॅलन्स करून घेण्याचा मात्र लोकांना कंटाळा येतो. मग साठच्या पुढे गाडीचा तळ थरथरायला लागतो आणि दोष नव्या इंजिनावर जातो.

त्याच थरथरीचं दुसरं कारण म्हणजे कोन. गिअरबॉक्समधून बाहेर येणारा शाफ्ट आणि मागच्या डिफरन्शियलचा पिनियन या दोघांच्या रेषा एकमेकींना समांतर हव्यात. तशा असल्या तर शाफ्टच्या पुढच्या सांध्याने, म्हणजे क्रॉसने केलेली चूक मागचा क्रॉस निस्तरतो. म्हणून इंजिनाचे फाउंडेशन रबर कुठे आणि किती उंचीवर बसवायचे, हा डोळ्याचा अंदाज नसून मोजमापाचा विषय आहे. जाणता मिस्त्री चेनपुलीला लटकवलेलं इंजिन आधी लाकडी ठोकळ्यांवर टेकवतो, पुठ्ठ्याचे साचे कापून ब्रॅकेट ठरवतो आणि मगच पत्रा कापतो. तेलाचा चेंबर खाली क्रॉस मेंबरला लागतो का, सायलेन्सरचा पाइप स्टिअरिंगच्या दांड्याला घासतो का, हे पाहून घेतो. एअर क्लीनर आणि बॉनेट यांच्यात किती जागा उरली हे डोळ्यांना दिसत नाही, कारण बॉनेट लावलं की आत बघणार कसं? त्यावर उपाय म्हणजे ओल्या शाडूचा गोळा. तो एअर क्लीनरवर ठेवायचा, बॉनेट हलकेच लावायचं, पुन्हा उघडायचं. दबून उरलेल्या मातीची जाडी पट्टीने मोजली की झालं. इंजिन चालू असताना रबरांवर हलतं, त्यामुळे या फटीत बोटभर तरी जागा लागतेच.

फरशीवरच्या गिअरने घरातलं एक माणूस कमी केलं, हेही सांगायला हवं. स्टिअरिंगजवळ गिअर असलेल्या ॲम्बॅसडरमध्ये आणि पद्मिनीत पुढे तिघं बसत. मधली जागा बहुधा घरातल्या धाकट्याची, आणि ती सोडायला तो तयार नसे. मोठ्या इंजिनाच्या जोडीचा बॉक्स आला की बरोब्बर त्याच जागी दांडा उगवतो. अश्वशक्ती वीसने वाढली, पण बसणारा एक घटला.

ब्रेकचा हिशेब तर शाळेतल्या भौतिकशास्त्राचा आहे. धावत्या गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. तीच गाडी ६० ऐवजी ८०च्या वेगाने पळाली, तर ती थांबवताना ब्रेकना जवळपास पावणेदोन पट उष्णता गिळावी लागते. ८० वरून १०० वर गेलात, तर पुन्हा दीडपटीहून जास्त. जुने ड्रम ब्रेक एकदा व्यवस्थित थांबवतात, दुसऱ्यांदाही. घाट उतरताना चौथ्या-पाचव्या वेळी पेडल दाबलं तरी गाडी ऐकत नाही. मोठं इंजिन घालून ब्रेक तेच ठेवणारा माणूस मला धाडसी वाटत नाही, बेफिकीर वाटतो. पैसे कमी असतील तर आधी ब्रेक, मग मागचे पाटे आणि शॉक ॲब्सॉर्बर, आणि उरले तर इंजिन, असा क्रम मी लावेन. गॅरेजमध्ये हा क्रम हटकून उलटा असतो.

रेडिएटरचं तसंच. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा थंड करायच्या पाण्यात जातो. जास्त ताकद म्हणजे जास्त पेट्रोल, आणि जास्त पेट्रोल म्हणजे जास्त उष्णता. खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून वाफ सोडत उभ्या असलेल्या गाड्या जुन्या प्रवाशांनी पाहिल्या असतीलच. त्या गाड्या तर आपापल्या मूळ इंजिनावरच होत्या.

कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या वाट्याला असा कायापालट त्याच नावाने आला नाही. तिचं १०८९ सीसीचं फियाट इंजिन शेवटपर्यंत मुख्य राहिलं. त्याच कंपनीने १९८५ मध्ये ११८ एनई काढली, तिच्यात निस्सानचं ११७१ सीसीचं इंजिन होतं. आकड्यात फरक किरकोळ, पण इंजिन बरंच तरतरीत. साहजिकच काही हौशींनी ते पद्मिनीत उतरवलं. मुंबईचे टॅक्सीवाले मात्र या फंदात पडले नाहीत. गाडी त्यांच्याइतकी कोणाला कळली असेल? त्यांनी ताकद वाढवण्याऐवजी इंधन बदललं. सीएनजीवर तेच इंजिन थोडं मवाळ होतं, कारण सिलिंडरमध्ये हवेची काही जागा गॅस घेतो. दादर ते फोर्ट ताशी वीसच्या वेगाने जायचं असताना त्याची फिकीर कोण करणार?

आता कागदपत्रांकडे येऊ, कारण हौस बहुतेकदा तिथेच अडते. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम सांगतं, की नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. इंजिन निकामी झालं आणि त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं दुसरं घातलं, तर आरटीओकडे जाऊन नव्या इंजिनाचा क्रमांक नोंदवता येतो. जास्त सीसीचं घातलं की गोष्ट वेगळी. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळातल्या एका प्रकरणात या कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. गंमत म्हणजे हाच कायदा इंधन बदलायला वाट ठेवतो. मंजूर किट असेल तर सीएनजी चालतो, बॅटरीसुद्धा चालते, आणि अशी किटं तपासणाऱ्या संस्थांमध्ये पुण्याची एआरएआय आहे. म्हणजे जुन्या ॲम्बॅसडरमध्ये वीजमोटर बसवायला रीतसर मार्ग आहे, मोठं पेट्रोल इंजिन बसवायला नाही.

विम्याचंही बघा. खासगी मोटारीच्या थर्ड पार्टी विम्याचे टप्पे १००० सीसीपर्यंत, १५०० पर्यंत आणि त्यापुढे असे आहेत. १४८९ सीसीची गाडी मधल्या टप्प्यात कशीबशी मावते, १८१७ची वरच्या टप्प्यात जाते. पुस्तकात एक आणि बॉनेटखाली दुसरंच असेल, तर अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्व्हेअरसमोर तोंड उघडणं अवघड. सुटं इंजिन कुर्ल्यातून किंवा चोर बाजारातून उचललं असेल आणि त्याची पावती नसेल, तर ते कोणाच्या गाडीतून निघालं याचं उत्तर पोलिसांनाही द्यावं लागू शकतं.

गेल्या काही वर्षांत वारं उलटं फिरलं आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार न केलेली गाडीच त्यात बसते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, आणि नंबरात व्हीए ही अक्षरं. ज्यांच्या वडलांनी साठच्या-सत्तरच्या दशकातल्या ॲम्बॅसडरमध्ये हौसेने इसुझू घातलं, त्यांच्यावर आता बीएमसीचं जुनं इंजिन शोधत फिरायची वेळ आली आहे. ते मिळालं तरी त्याचा क्रमांक मूळ पुस्तकातल्या क्रमांकाशी जुळणार नाही. तेव्हा एवढं समजूनही कोणाला इंजिन बदलायचंच असेल, तर काढलेलं इंजिन भंगारवाल्याला देऊ नये. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडावं, क्रँक हाताने दोन-चार वेळा फिरवावा, भोकं बंद करावीत आणि ते जमिनीवर न ठेवता लाकडी चौकटीवर, कोरड्या जागी ठेवावं. दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा फिरवावं. जुन्या ॲम्बॅसडरला पुढून लावायचं हँडल यायचं, ते टाकून दिलं नसेल तर इथे उपयोगी पडतं.