तिकीटविक्री, प्रसिद्धी आणि प्रेक्षागृहाची मर्यादा

एखाद्या रॉक वाद्यवृंदाच्या दौऱ्यात किती तिकिटे खपली यावरून त्याची लोकप्रियता ठरविण्याची प्रथा आहे. परंतु खपलेली तिकिटे म्हणजे मागणी नव्हे. प्रेक्षागृहाच्या मापाने मोजली गेलेली तेवढीच मागणी होय. बीटल्सच्या अमेरिकेतील दौऱ्यांवरून हा भेद स्पष्ट होतो.

९ फेब्रुवारी १९६४ रोजी एड सलिव्हन यांच्या कार्यक्रमात बीटल्सना सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिले. तीनच दिवसांनी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्यांचे दोन खेळ झाले. हे प्रेक्षागृह सुमारे २,८०० आसनांचे. ते भरल्यावर मागणी पाचपट वाढली काय आणि पन्नासपट वाढली काय, हिशेबाच्या वहीतील आकडा तोच राहणार!

याच खेळांचे संयोजक सिड बर्न्स्टाइन यांनी १५ ऑगस्ट १९६५ रोजी शे स्टेडियम घेतले. तेथे सुमारे ५५,६०० प्रेक्षक आले व ३,०४,००० डॉलर जमले. अनामत रक्कम भरेपर्यंत जाहिरात करण्यास त्यांस मनाई होती आणि ही वार्ता तोंडोतोंडीच पसरली, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. येथे शब्दांची थोडी चिकित्सा उपयोगी पडते. मराठीत ‘प्रसिद्धी’ हा शब्द प्रसिद्ध करण्याची क्रिया आणि प्रसिद्ध असण्याची स्थिती या दोहोंस चालतो. ‘जाहिरात’ मात्र केवळ क्रिया आहे. शे स्टेडियम भरले ते दुसऱ्या अर्थाच्या प्रसिद्धीने. दोहोंची गल्लत केल्यास जाहिरातीच्या खर्चास नसलेले श्रेय मिळते.

२३ ऑगस्ट १९६६ रोजी त्याच स्टेडियममध्ये सुमारे ११,००० आसने रिकामी राहिली. त्या उन्हाळ्यात जॉन लेनन यांच्या ख्रिस्तविषयक उद्गारांवरून वादळ उठले होते व दक्षिणेतील काही नभोवाणी केंद्रांनी बीटल्सच्या ध्वनिमुद्रिकांवर बहिष्कार घातला होता. तथापि न्यूयॉर्क दक्षिणेत नाही. तेव्हा सर्व दोष या अपप्रसिद्धीवर लादणे घाईचे ठरेल. विशाल मैदानाचा स्वतःचाही एक परिणाम असतो: तिकीट हुकण्याचे भय नसले की घाई कोण करतो?

संशोधकाच्या दृष्टीने या रिकाम्या आसनांचे मोल भरलेल्या आसनांहून अधिक आहे, कारण मागणी कोठे संपली हे तीच दाखवितात. २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅन्डलस्टिक पार्कमध्ये ४२,५०० पैकी सुमारे २५,००० तिकिटेच खपली, आणि हा खेळ अयशस्वी गणला गेला. तेवढ्याच प्रेक्षकांनी कार्नेगी हॉल जवळजवळ नऊ वेळा भरले असते.