संगणकातील वाटप आणि वर्गातील पाठांतर

पुण्यात संगणकशास्त्र शिकणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या वाट्याला पदवीच्या काळात ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ हा विषय येतोच. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेत तो आहे, तसाच विज्ञान शाखेतही आहे. प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक. तथापि एका सहकाऱ्याच्या अनुमतीने या विषयाच्या तासांना त्याने सत्रभर हजेरी लावली. त्यातून बनलेले मत असे की, हा विषय यंत्राचा कमी आणि वाटपाचा अधिक आहे. आणि नेमकी हीच गोष्ट विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचत नाही.

संगणकात एकाच वेळी अनेक कामे चालू असतात. प्रोसेसर, स्मृती, डिस्क ही साधने मात्र मोजकी. कोणाला काय, किती आणि केव्हा द्यावयाचे, हे ठरविणारी व्यवस्था म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. मर्यादित साधने आणि अनेक गरजा हा तर अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्याचा विषय आहे.

रांगेचेच उदाहरण घेऊ. सर्व कामे एकदम आली असतील, तर सर्वांत छोटे काम आधी उरकण्याच्या नियमाने सरासरी प्रतीक्षा कमीत कमी होते. परंतु छोटी कामे येतच राहिली, तर मोठ्या कामाची पाळी कधीच येत नाही. या अवस्थेला शास्त्रात ‘उपासमार’ या अर्थाचाच शब्द आहे. तिच्यावर उपाय असा, की जो अधिक काळ थांबला त्याचा अग्रक्रम वाढवीत न्यावा. दुसरा मार्ग सर्वांना आळीपाळीने थोडा थोडा वेळ देण्याचा. पण तो वाटा फार लहान केला, तर काम बदलण्यातच यंत्राचा वेळ खर्च होतो. कार्यक्षमता आणि न्याय यांच्यातील हा ताण शिधावाटपाच्या रांगेत उभे राहिलेल्या कोणालाही समजेल.

डच शास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी 1960 च्या दशकाच्या मध्यास मांडलेली ‘बँकरची रीत’ याहून बोधप्रद आहे. एका सावकाराजवळ 10 लाखांचे भांडवल आहे. तीन ऋणकोंच्या मंजूर मर्यादा अनुक्रमे 8, 3 आणि 9 लाख. त्यांनी आतापर्यंत 4, 2 आणि 2 लाख उचलले. तिजोरीत 2 लाख उरले. पूर्ण मर्यादेइतकी रक्कम मिळाल्याखेरीज कोणाचेच काम पुरे होत नाही, आणि पुरे झाल्यावर तो सर्व रक्कम परत करतो. आता तिसरा ऋणको आणखी 1 लाख मागतो. मागणी मर्यादेत आहे, तिजोरीत पैसाही आहे. तरी ती नाकारली पाहिजे. कारण ती दिल्यास उरलेल्या 1 लाखात फक्त दुसऱ्याचे काम पुरे होईल. त्याने परतफेड केल्यावर 3 लाख जमतील; पण पहिल्याला 4 आणि तिसऱ्याला 6 लाख हवे असतील. दोघेही अडकतील आणि सावकारही अडकेल. प्रत्यक्षातील सर्वसाधारण प्रणाली ही रीत सहसा वापरीत नाहीत, कारण आपली कमाल गरज किती हे कामांना आधी सांगता येत नाही. नियोजनकाराला सर्व माहिती असते असे गृहीत धरण्यातला धोका अर्थशास्त्राने फार पूर्वी ओळखला आहे.

परीक्षेत यातले काय विचारले जाते? आकड्यांचा तक्ता देऊन उत्तर काढावयास सांगितले जाते. तक्ता भरण्याची हातोटी साधली की गुण मिळतात. मागणी का नाकारावी, गृहीतक कितपत खरे, हे प्रश्न बाजूला राहतात. प्रात्यक्षिकातही हेच तक्ते छापणारा प्रोग्रॅम लिहिला जातो. साधनांचा वापर नियंत्रित करण्याच्या ‘पी’ आणि ‘व्ही’ या क्रिया विद्यार्थी पाठ करतात; पण ही अक्षरे डच शब्दांची आद्याक्षरे आहेत, हे त्यांना कोणी सांगत नाही. डायक्स्ट्रा यांनी यासंबंधीची आरंभीची टिपणे स्वभाषेत लिहिली होती. जगाने ती नंतर आपलीशी केली.

इथे भाषेचा प्रश्न येतो. 2021-22 मध्ये पुण्यालगतच्या पिंपरी चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीचे शिक्षण मराठीतून देण्यास प्रारंभ झाला. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु मराठीकरण म्हणजे केवळ पारिभाषिक शब्दांची भरती नव्हे. ‘प्रोसेसर’ला प्रतिशब्द शोधण्याची निकड नाही, ‘डेडलॉक’ समजाविताना मात्र ‘कोंडी’ म्हटले की काम होते. चौकात चारही बाजूंची वाहने एकमेकांसाठी अडून राहिलेली पुणेकर रोज पाहतो. मराठी माणसांनी या विषयावर उत्तम पाठ्यपुस्तके लिहिली आहेत. मुंबईच्या आय. आय. टी.त अध्यापन केलेले प्रा. धनंजय ढमढेरे आणि अच्युत गोडबोले यांची पुस्तके परिचित आहेत. पण ती इंग्रजीत. याच गोडबोले यांनी ‘अर्थात’मधून अर्थशास्त्र मराठीत आणले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

खेड्यांतून मराठी माध्यमात शिकून पुण्यात आलेला विद्यार्थी बुद्धीने उणा नसतो. इंग्रजी वाक्याशी झगडण्यात त्याची शक्ती खर्च होते, आणि मग पाठांतर हाच त्याला सुरक्षित मार्ग वाटतो. त्यासाठी तीन गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. संज्ञा इंग्रजी ठेवून विवेचन मराठीत करावे. प्रश्नपत्रिकेत प्रत्येक तक्त्यासोबत ‘असे का?’ हा प्रश्न असावा, आणि त्याचे उत्तर मराठीत लिहिण्याची मुभा असावी. तिसरे म्हणजे, लिनक्सचा एखादा लहान भाग प्रत्यक्ष वाचून घ्यावा. 1987 मध्ये अध्यापनासाठी लिहिलेल्या मिनिक्स या प्रणालीचा अभ्यास करणाऱ्या हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 1991 मध्ये लिनक्स सिद्ध केले. त्याची संहिता कोणालाही विनामूल्य पाहता येते. तेव्हा अडचण साधनांची नाही. वर्गातला वेळ हेही मर्यादितच साधन आहे, आणि ते आज तक्ते भरण्यात खर्च होत आहे.